कॅमेरा थांबवला तेव्हा

“दवाखान्यात चालता का नाही, तेवढं सांगा!”

गोपिका तापानं फणफणलेली पोर खांद्यावर टाकून टॉकीजचा लोखंडी जिना चढली आणि थेट मशीनच्या खोलीत शिरली. तिचा नवरा चंपतराव सीताबर्डीच्या त्या टॉकीजमध्ये सिनेमाचं मशीन चालवणारा ऑपरेटर होता. तिच्याकडे न बघताच तो म्हणाला, “माता निघाली आहे पोरीले. औषध दिलं का माता कोपते. घरी जाय वं.”

पोरीच्या अंगभर पुरळ होतं. दारात कडुलिंब टांगून झाला होता, घरातली फोडणी बंद होती, आणि सकाळपासून पोर श्वास घेताना कण्हत होती. पण चंपतरावाचा हेका सुटेना. टॉकीजमध्ये देवीचा सिनेमा लागला होता; रोज प्रत्येक खेळात त्याच्याच मशीनमधून देवी पडद्यावर उतरत होती आणि पुरळानं भरलेल्या पोराला नुसता हात लावून उठवत होती. खाली बायका चपला बाहेर काढून बसायच्या, पडद्याला ओवाळायच्या. एवढ्या जगाला कळतं ते आपल्याच बायकोला कळू नये, याचा त्याला संताप होता.

“सारी पब्लिक येडी आहे का?” तो ओरडला.

गोपिकेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टेबलावर फिल्मचा एक तुकडा पडला होता. मागच्या खेळात फिल्म तुटली, तेव्हा जोड लावताना त्यानंच कापलेला. तिनं तो उचलून दिव्यासमोर धरला. एकाखाली एक बारीक चित्रं. एकात पोरगं पुरळानं भरलेलं. त्याच्या खालच्यात अंग लख्ख साफ.

“या दोन फोटोंच्या मधात देवीनं काय केलं जी?”

“देवी काय करते? ट्रिक आहे ते.” कामातलं कुणी विचारलं की चंपतरावाला राहवत नसे. “कॅमेरा थांबवते. पोराच्या अंगावरचा रंग धुऊन टाकते. मंग त्याच जागी निजवून कॅमेरा पुन्हा चालू. कोणाले पत्ता नाही लागत!”

बोलून गेला आणि घाईनं मशीनकडे वळला. खाली घंटा वाजू लागल्या. देवी यायची वेळ झाली होती.

गोपिकेनं कोपऱ्यातल्या माठातून तांब्या भरला आणि त्याच्यासमोर आदळला. पाणी त्याच्या शर्टावर उडालं.

“हे घ्या पाणी,” ती म्हणाली. “अन् धुवा हिचं.”