रिकामा पट्टा

"माझ्याच पट्ट्यात कसं काही नाही?" मिताली कंबरेवर हात ठेवून म्हणाली.

दोरीच्या पलीकडे पूर्वीने नुकतीच तिसरी लाल झेंडी रोवली होती. तिसरी! अजून जेवणाची सुट्टीसुद्धा झाली नव्हती.

प्रबळगडाच्या मागच्या पठारावर वाळलेलं गवत उन्हात चमकत होतं. आभा मॅडमनी आदल्या दिवशीच इथे येऊन दोऱ्या बांधल्या होत्या आणि चार पट्टे आखले होते. एकेकाने एकेक पट्टा चालायचा, नजर जमिनीवर. अश्मयुगातल्या माणसाने घडवलेला दगड दिसला, तर त्याला हात लावायचा नाही. शेजारी झेंडी रोवायची आणि मॅडमना हाक मारायची. काहीच दिसलं नाही, तर तसं सांगायचं.

"आणि सांगताना लाजायचं नाही," मॅडम सकाळीच म्हणाल्या होत्या. "इथे कोणी नव्हतं, हेही शोधावंच लागतं."

पट्टे वाटताना त्यांनी मितालीला हाताला धरून या टोकाला आणून उभं केलं होतं. मॅडमच्या बोटांना चिकटपट्ट्या होत्या.

"मॅडम, मांजर पाळलंत का?" अपूर्वने विचारलं होतं.

"नाही रे, दगड पाळलेत."

मे महिन्यात मॅडमची पुरातत्त्वाची तुकडी स्पितीच्या डोंगरात खऱ्या सर्वेक्षणाला जाणार होती आणि शाळेतून एकाला सोबत नेणार होती. एकाच! आठवीपासून दर रविवारी मॅडमच्या नवीन पनवेलच्या घरी जाऊन खापरं धुणारी कोण? मिताली. त्यामुळे कोण जाणार हे वर्गाने केव्हाच ठरवून टाकलं होतं. मग जूनमध्ये ही पूर्वी आली. उरणजवळच्या मोऱ्याची. खापर हा शब्दही तिने इथेच ऐकला असेल. आणि आता मॅडम उठसूट म्हणायच्या, "पूर्वीची नजर बघा!"

जेवताना पूर्वीने डबा पुढे केला. "घे ना गं. आयने तुझ्यासाठी जास्तीची सुकट दिलीय. तिखट नाय हाय."

"मला सँडविच आहे," मिताली म्हणाली. सुकटीचा वास मात्र भयंकर छान येत होता.

"बाटली विसरले," म्हणून ती सगळ्यांच्या आधी उठली.

पट्ट्यांपाशी कोणी नव्हतं. पूर्वीचा पट्टा अर्धाच चालून झाला होता आणि उरलेल्या अर्ध्यात, गवताच्या बुंध्याशी, काहीतरी चमकलं. चॉकलेटी, काचेसारखा गुळगुळीत दगड. एका बाजूला बारीक दाते, करवतीसारखे.

हासुद्धा तिलाच सापडणार.

मितालीने मागे पाहिलं. दगड उचलला. दोरी ओलांडली. आपल्या पट्ट्यात तो मातीत थोडा दाबला, वर धूळ भुरभुरली, झेंडी रोवली.

"मॅडम!"

मॅडम खाली बसल्या. त्यांनी दगड उलटा केला, धारेवरून अंगठा फिरवला.

"इथेच होता?"

"हो."

"असाच?"

"असाच, मॅडम. हातसुद्धा नाही लावला."

"बरं," मॅडम उठल्या. "संध्याकाळी सगळ्यांना विचारेन. तेव्हा नीट आठवून सांग."

पूर्वी धावत आली. "काय भारी हाय गं!" म्हणत तिने टाळ्याच वाजवल्या. मितालीला त्या टाळ्या अजिबात आवडल्या नाहीत.

"स्पिती पक्की," अपूर्व ओरडला. "येताना बर्फ आण!"

उन्हं उतरल्यावर मॅडमनी सगळ्यांना एका कातळावर बसवलं आणि एकेकाला विचारलं.

"दोन," अपूर्व म्हणाला.

"एक," कोमल म्हणाली.

"तीन," पूर्वी म्हणाली. "अजून एक गावेल असं वाटलं, पण नाय गावला."

"मिताली?"

"एक."

"एक लिहू?"

"हो, मॅडम."

मॅडमनी सगळे दगड रुमालावर मांडले आणि बोटांच्या चिकटपट्ट्या सोडवल्या. आत बारीक बारीक चिरा होत्या.

"हे दगड गेल्या आठवड्यात मी घरी, गॅलरीत बसून फोडलेत. काल इथे आणून ठेवले. तुमची नजर तपासायची होती."

"म्हणजे मांजर नव्हतंच!" अपूर्व म्हणाला. सगळे हसले. मितालीही हसली, जरा उशिरा.

"दगड मी तीनच पट्ट्यांत ठेवले," मॅडम म्हणाल्या. "चौथा मुद्दाम रिकामा सोडला. दिवसभर दुसऱ्यांच्या झेंड्या बघूनही जो 'काही नाही' म्हणू शकतो, तोच मला स्पितीला हवा असतो. नाव तर मी आधीच ठरवलं होतं. म्हणून तो पट्टा मी..."

मग पिशवीतून तुकडीची पांढरी टोपी काढून त्यांनी ती दगडांशेजारी उलटी ठेवली. आतल्या पट्टीवर, केव्हाच वाळलेल्या निळ्या शाईत, नाव होतं: मिताली.