भोये सरांचा लाल ठिपका

भोये सरांचा ठिपका आजही लाल होता.

तेजस्विनीने नाशिकच्या ऑफिसात बसून हजेरीचा नकाशा पुन्हा उघडला. एका शिक्षणसंस्थेच्या पाड्यापाड्यांवरच्या शाळांसाठी तिनेच तो बनवला होता. प्रत्येक शाळेभोवती एक वर्तुळ. शिक्षकाने त्यात उभं राहून मोबाइलवर हजेरी लावायची. आत असला की ठिपका हिरवा, बाहेर असला की लाल. बाकीचे गुरुजी आपापल्या वर्तुळात सुखाने बसले होते. सुरगाण्याकडच्या आंबेपाड्याचे देवराम भोये तेवढे डोंगर उतरून थेट दिंडोरीच्या बाजूला.

“सोमवारपर्यंत ही चूक काढ,” तिचे साहेब रविराज म्हणाले. “नाहीतर संस्था त्यांना गैरहजर धरून घरी बसवणार. आपल्या ॲपपायी एका माणसाची नोकरी जायला नको.”

आपल्या हातून कुणाच्या पोटावर पाय येतोय, या विचाराने तेजस्विनीला जेवण गोड लागेना.

तिने नेहमीचे उपाय करून पाहिले. अक्षांश-रेखांश उलटे पडलेत का ते तपासलं. तसं असतं तर गुरुजी उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात पोहत असते. फोनमध्ये जुनं ठिकाण साठून राहिलंय का तेही पाहिलं. शेवटी सरांनाच फोन लावला.

“सर, तुम्ही शाळेतच आहात ना?”

“शाळेतच की मॅडम. पोरं समोर बसलीत.”

मागे पोरं पाढे म्हणत होती. पाड्यावर रेंज नसते म्हणतात, पण आवाज खणखणीत येत होता.

“ॲप काढून पुन्हा टाका. आणि अचूक लोकेशनला परवानगी द्या.”

“दिली.”

ठिपका तसूभरही हलला नाही.

“फोनच जुना हाय मॅडम,” सर घाईने म्हणाले. “त्याच्या नादी नका लागू. तिकडनंच हिरवा नाय का करता येणार?”

कुठेतरी पाणी मुरतंय, असं तिला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

शुक्रवारी सकाळी ती जीप करून आंबेपाड्याला पोचली. शाळेला कुलूप होतं. शेजारच्या ओट्यावर तानुबाई नावाची एक म्हातारी नागली पाखडत बसली होती.

“आजी, भोये सर कुठे आहेत?”

“सर नाय हितं. दिवाळी झाली नि गेला.”

तेजस्विनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हातारी आणखी काही सांगत होती, ते ऐकायलाही ती थांबली नाही. ज्याच्यासाठी आठवडाभर डोकं फोडलं, तो बसल्या जागी पगार खात होता! आणि फोनवरचे पाढे? रेकॉर्ड करून ठेवलेले असणार. नकाशा बिचारा पहिल्यापासून खरंच बोलत होता. ‘चूक आपली नाही, माणूसच खोटा आहे,’ असं साहेबांना कळवायचं तिने ठरवून टाकलं. पण त्याआधी त्याला समोरासमोर पकडायचं होतं.

जीप ठिपक्याच्या दिशेने निघाली. दुपारी ती एका द्राक्षबागेच्या बांधावर येऊन थांबली. पलीकडे मजुरांच्या ताडपत्रीच्या झोपड्या होत्या. बाभळीखाली द्राक्षांच्या रिकाम्या क्रेटना टेकवून एक फळा उभा केला होता. समोर पोरं ओळीने बसली होती.

तिला पाहून भोये सरांच्या हातातला खडू खाली पडला.

“आंबेपाड्याचीच पोरं हायत मॅडम,” ते चाचरत म्हणाले. “आईबाप बागेच्या कामाला आले, तशी पोरंबी आली. तिकडं मी एकट्यानं कुलपाला काय शिकवू?”

तेजस्विनीने बांधावर बसून लॅपटॉप उघडला. थोड्याच वेळात ठिपका हिरवा झाला आणि तिने रविराजांना निरोप पाठवला:

‘चूक सापडली, सर. आपण शाळाच चुकीच्या जागी दाखवत होतो.’