पाण्याखालची शिकवण

सयाजी डिंभ्याच्या जलाशयात बुडाल्यावर त्याचे फाटके जाळे सांधून पोट भरण्याची वेळ त्याची बायको अंजना हिच्यावर आली. ती सायंकाळी जाळे पाण्यात सोडी. सकाळी ते रिकामेच वर येई आणि नेमक्या तिने मारलेल्या गाठी सुटलेल्या असत.

“माशानं सोडल्या असत्याल, आत्याबाई.”

“मासा जाळं फाडतो, गाठ सोडीत न्हाई,” सासू म्हणाली. “शिकणाऱ्याची गाठ ढिली दिसली की माजा सयाजीच सोडायचा. म्हनायचा, ‘परत बांध.’”

अंजना रोज परत बांधत राहिली. अखेर एके सकाळी जाळे मासळीने जड होऊन आले. एकही गाठ सुटली नव्हती.

“शिकलीस पोरी. आता त्यो मोकळा झाला,” म्हणत सासूने पाण्याला हात जोडले.

त्या सायंकाळी अंजनाने एक गाठ जाणूनबुजून ढिली बांधली.