पाणी हवे आहे

धाकट्या विक्रमची गाडी सकाळीच दौंडहून येऊन दारात उभी राहिली आणि ओट्यावरच्या खाटेवरून सारजाबाईंनी तिकडे मान वळवली. भावाभावांचं ठरलं होतं. आई इथे शिरूरला थोरल्याकडे, बाप दौंडला विक्रमकडे. दोन्ही म्हातारी एका घराला झेपत नव्हती.

हौसरावांची पिशवी ओट्यावर आली. धोतरं, गोळ्या, चष्म्याचं घर. ते बायकोच्या खाटेशी येऊन उभे राहिले.

अंगावरून वारं गेल्यापासून सारजाबाईंची वाचा गेली होती. नातीने, सायलीने, बोलणारा टॅब आणून दिला होता. चित्रावर बोट ठेवलं की आतली बाई बोलायची. सारजाबाईंचं डावं बोट एकेका चित्रावरून फिरलं. पाणी. औषध. दुखतंय. पंखा. संडास. थांबा म्हणायचं चित्र कुठेच नव्हतं.

"आबा, चला. रेल्वेचं फाटक पडंल," विक्रमने हाक दिली.

सारजाबाईंनी पाणी दाबलं.

"मला पाणी हवे आहे," टॅबमधली बाई शहरी, गोड आवाजात म्हणाली.

हौसराव लगबगीने आत गेले. पाणी मागणाऱ्याला तसंच टाकून उंबरा ओलांडायचा नाही, ही त्यांच्या आईची शिकवण. एका हाताने बायकोची मान सावरून त्यांनी पेला ओठांना लावला. सारजाबाई घोट घोट प्यायल्या, जमेल तितक्या सावकाश. हौसरावांनी पिशवी उचलली.

"मला पाणी हवे आहे."

पिशवी खाली ठेवून ते परत आत गेले. आणखी एक पेला झाला. पुन्हा तोच आवाज.

"आबा, दौंडलाबी पाणी हाय की!" विक्रम हसला.

तिसऱ्या पेल्याला सारजाबाईंनी ओठ उघडलेच नाहीत. पाणी हनुवटीवरून पदरावर सांडलं. हौसराव बघत राहिले. मग त्यांनी उपरण्याने तिची हनुवटी पुसली. कोरडी झाली तरी पुसत राहिले.

"कळलं गं," ते हळूच म्हणाले. "येतो म्हंतोय बघ. जातो न्हाई म्हनत."

गाडी वळली. धुरळा बराच वेळ खाली बसला नाही. ओट्यावर टॅबमधली बाई त्याच गोड आवाजात पाणी मागत होती.

थोरली सून स्नेहल पिठाचे हात झटकत पेला घेऊन आली. सारजाबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"प्यायचं न्हाई, तर मागता कशाला, आत्या?"