न थांबता

मुलीच्या गादीला डाव्या कुशीचा खड्डा.

उजव्या अंगठ्याला क्रेप बँडेज. पडून-धडपडून काही झालं नव्हतं, स्क्रीन सरकवून सरकवून झालं होतं.

घर दुसऱ्या मजल्यावर. चढताना पहिल्या मजल्यावर विसावा. वय वीस.

तिच्या एका व्हिडिओखाली दोन लाख लाल बदाम.

स्वयंपाकघराच्या दारात आडवे पडलेले बाबा.

"अहो! अहो, ऐकताय का?" आई त्यांचे खांदे हलवत होती. समोरचे काका हातातला पेपर तसाच घेऊन धावत आले. "वहिनी, सरका बाजूला. आपली फिट सिस्टर आहे की घरात!"

फिट सिस्टर म्हणजे मुलगी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला. हे नाव तिनेच घेतलेलं, फोनमधल्या लोकांसाठी.

ती खोलीतून पळत आली. तेवढ्यानेच धाप लागली. तिने हाक मारली, गाल थोपटले. छाती हलत नव्हती. काका अॅम्ब्युलन्सवाल्यांना पत्ता सांगू लागले. ती गुडघ्यांवर बसली, तळहातावर तळहात ठेवला आणि छातीच्या मधोमध दाबायला लागली. सगळं तोंडपाठ होतं. दहापर्यंत बरं चाललं. मग कोपर वाकायला लागले. विसाच्या पुढे तिचे हात बाबांच्या छातीवर नुसते ठेवल्यासारखे झाले.

"दाब ना गं!" आई ओरडली.

"दाबतेय!"

दाबत नव्हती. ते तिला कळत होतं. मनगटात कळ, कानात शिट्टी, डोळ्यांपुढे अंधारी. ती मागे सरकली आणि भिंतीला टेकली.

"आई, मला नाही होत."

आईने एकदाच तिच्याकडे पाहिलं आणि तिच्या जागी बसली. तळहातावर तळहात. कोपर ताठ. खांदे बरोबर हातांच्या वर. मुलगी बघतच राहिली. कुठे चूक नव्हती. आईचा चेहरा लाल झाला, केस सुटले, घाम बाबांच्या शर्टावर ठिबकायला लागला.

"वहिनी, मी करू का थोडं?"

"तुमचंच ऑपरेशन झालंय. खाली जा, गाडीवाल्यांना जिना दाखवा."

बोलतानाही हात थांबले नाहीत. जिन्यात बूट वाजेपर्यंत थांबले नाहीत.

हॉस्पिटलच्या बाकावर दोघी शेजारी शेजारी बसल्या. डॉक्टर बाहेर आले. "वाचले. घरी दाबत राहिलात म्हणून वाचले. कोणाला येत होतं हे?"

"हिने शिकवलं," आई म्हणाली.

डॉक्टर मुलीकडे बघून हसले आणि आत गेले. मुलीचे कान तापले.

"टोमणे काय मारतेस? तेही परक्या माणसासमोर."

"टोमणा कसला? तुझाच तो व्हिडिओ. उशीवर दाबतेस तो."

मुलीने मान खाली घातली. त्या व्हिडिओत खरे दाब चारच होते. तेच कापून पुन्हा पुन्हा जोडलेले, मागे गाणं. कॉलेजात डमीवर सराव चालला होता तेव्हा ती मैत्रिणींचं शूटिंग करत होती. तिची पाळी आली तेव्हा बँडेजचा अंगठा पुढे केला होता.

"पण इतका वेळ, आई? दमली नाहीस?"

"दमले की. हात तुटायची वेळ आली. पण तू कुठे थांबतेस त्यात? बघत बसलं की ते परत सुरू होतं, परत सुरू होतं. मला वाटलं, थांबायचं नसतंच."

आईने तळहात मांडीवर उपडे ठेवले होते. मुलीला ते धरावेसे वाटले. धरवले नाहीत.

"मी रोज बघते," आई म्हणाली. "बाबांच्या फोनवर. दार बंद असतं ना तुझं. तेवढीच दिसतेस."

मागच्या वर्षापर्यंत आई प्रत्येक व्हिडिओखाली एकच ओळ लिहायची: ताट वाढलंय, बाहेर ये. मग मुलीने तिला ब्लॉक केलं.