दोराला हात लावू नये

दोर टाकून उंच झाडावर चढायचा नाद सोमनाथला पुण्याच्या कॉलेजात लागला. त्र्याण्णव साली त्याला कन्हेरीच्या एका बांधावर मनासारखा वड सापडला. मालक कोण, हे त्यानं विचारलं नाही. रविवारी बारामतीहून लुनावर यायचं, चढायचं आणि दर वेळी नव्यानं दोर बांधायचा कंटाळा म्हणून तो तसाच फांदीला ठेवून जायचं. खाली त्यानं पुठ्ठ्याची पाटी अडकवली होती : ‘दोराला हात लावू नये.’

तिसऱ्या रविवारी अख्खी फांदीच जमिनीवर आडवी पडलेली. दोर तिला तसाच बांधलेला, पाटीही जागेवर, आणि भोवती शेरडं पाला खात होती. शेजारी कुऱ्हाड घेऊन एक म्हातारा बसला होता. वडाचा मालक, धोंडीबा.

“पाटी वाचली नाही का आबा?” सोमनाथचा पारा चढला.

“वाचली की. म्हणून दोराला हात न्हाय लावला, फांदी तोडली. सकाळ गेली त्यात.”

धोंडीबानं आताही हात न लावता काठीनं फांदीवरची गाठ दाखवली. खारीनं कुरतडून दोराचे दोनच पदर राहिले होते. खालून काहीच दिसलं नसतं; धोंडीबाला शेरडांसाठी पाला काढायला वर चढल्यावर दिसलं होतं.

सोमनाथचा आवाज उतरला. “मग फांदी कशाला तोडायची? मला सांगायचं ना.”

“कुणाला?” धोंडीबा म्हणाला. “पाटीवर हुकूम हाय, नाव न्हाय.”