खंडेनवमीचं निर्माल्य

"पाना कशाला आणलाय?" गेटवरच्या बिरदेवनं विचारलं.

"आज खंडेनवमी हाय गड्या. हत्याराला हळदकुंकू नको व्हय लावायला?" आप्पासोनं पिशवी उघडून दाखवली. झेंडूचा हार, नारळ, कुंकवाची पुडी आणि वर तो पाना. बिरदेवनं पिशवीत डोकावून पाहिलं. त्यानं फाटक उघडलं.

कारखाना बंद पडून वर्षं लोटली होती, पण खंडेनवमीला मालकाचा मुलगा देवदत्त न चुकता शेड उघडून द्यायचा. सुरुवातीला सगळे कामगार आले. मग कुणी पुण्याला गेलं, कुणी महाबळेश्वरच्या हॉटेलात भांडी घासू लागलं. आप्पासोचा पोरगा जयराज बापाच्या हाताखाली इथंच तयार झालेला, तोही आता तिकडं टॅक्सी चालवत होता. यंदा पूजेला आप्पासो एकटाच.

मशिनं बघायला गिऱ्हाईक येणार, अशी उंब्रजच्या बाजारात कुजबुज होती. ती खरीच दिसत होती. देवदत्त एका तरुण पाहुण्याला शेड दाखवत होता आणि पाहुणा टेप लावून मोठ्या दाराची रुंदी मोजत होता. आप्पासोनं ती टेप पाहिली. शेजारच्या कारखान्यात असंच झालं होतं. आधी टेप आली, मग क्रेन आली, आणि मशिनं परमुलखात गेली ती गेलीच. त्या शेडमध्ये आता लग्नं लागतात.

"आप्पासो, हे राजवर्धन," देवदत्त म्हणाला. "सांगलीहून आलेत."

आप्पासोनं हात जोडले. मान काही वर केली नाही.

"हे आज चालवून बघता येईल?" राजवर्धननं गिअर कापायच्या मशीनवर हात ठेवला.

"आज न्हाई," आप्पासो पटकन बोलला. "आज मशिनला आराम असतो."

"बरोबर आहे," देवदत्त म्हणाला. "उद्या दसरा. उद्या सकाळीच बघू."

दोघं ऑफिसकडे गेले. आप्पासोनं जुन्या फडक्यानं मशीन पुसायला घेतलं. अख्खा कारखाना ह्या एका मशीनच्या जिवावर चालायचा. हे जागेवर आहे तोवर आज ना उद्या कारखाना उघडेल, या आशेवर तो दिवस ढकलत होता. हे गेलं की मागं राहणार नुसते पत्रे. जयराजची टॅक्सीही मग जन्मभर सुटायची नाही.

बाजूच्या झाकणामागं मुठीएवढं पितळी चाक होतं. ते बनवणारी परदेशातली कंपनी कधीच बुडालेली. तसलं चाक आता शोधूनही मिळत नव्हतं. चाक नाही तर मशीन हलणार नाही, आणि न चालणारं धूड कोण कशाला नेईल?

ज्या दिवशी मशीनला पाना लावायचा नसतो, नेमका त्याच दिवशी त्यानं लावला. "माफी कर बाबा," तो पुटपुटला. नट गंजून बसलेला. दोन्ही हातांनी जोर केला, तसा पाना सटकला आणि लोखंडावर आपटला.

"आप्पासो, काय पडलं हो?" ऑफिसातून देवदत्तनं हाक मारली.

"नारळ सुटला हातातनं."

पावलं दारापर्यंत आली, थांबली आणि परत फिरली. आप्पासोचा सदरा पाठीला चिकटला होता. दुसऱ्या झटक्याला नट सुटला. चाक पिशवीत गेलं. गेल्या साली मशीनला घातलेला हार वाळून कडकडीत झाला होता, तो त्यानं चाकावर टाकला. झाकण बसवलं, नवा हार घातला, नारळ वाढवला. मनोभावे नमस्कारही केला.

गेटवर बिरदेवनं पिशवीला हात घातला. "लय जड लागतीया, आप्पा."

"मागच्या सालचं निर्माल्य हाय. त्यात हात घालतोस व्हय?"

बिरदेवनं हात मागं घेतला.

घरी ठेवलं, तर देवदत्त दोन गोड शब्द बोलताच आपण चाक काढून देणार, हे आप्पासो ओळखून होता. स्वभावच तसला भिडस्त. म्हणून तो पुलावर थांबला. नदी दोन्ही काठ भरून वाहत होती. चाकासकट निर्माल्य सोडणाऱ्या म्हाताऱ्याकडं कुणी वळून पाहिलं नाही. घरी येऊन तो पोटभर जेवला. कितीतरी दिवसांनी त्याला चैन पडली होती.

दिवेलागणीला देवदत्तचा फोन आला.

"आप्पासो, आता सांगायला हरकत नाही. मागं दोनदा तुम्हाला आशा लावली आणि तोंडघशी पडलो, म्हणून सकाळी गप्प बसलो. राजवर्धन कारखाना इथंच चालवणार आहेत. दार मोजत होते ते नवी मशिनं आत घ्यायला. जयराजला बोलावून घ्या. जुनी सगळी माणसं परत घ्यायचं ठरलंय."

आप्पासोनं खुंटीवरच्या पिशवीकडं पाहिलं.

"ऐकताय ना? नवी मशिनं यायला वेळ आहे, पण ऑर्डर लगेच सुरू करायचीय, म्हणून त्यांची अट एकच. उद्या ते जुनं मशीन चालताना बघणार, तरच सही करणार. मी बिनधास्त हो म्हणून टाकलं. म्हटलं, त्या मशीनवर आमच्या आप्पासोंचा जीव आहे, त्यांनी त्याला काही होऊ दिलेलं नाही."